मांडवा ते रेडी: दोन मोटारसायकली, दोन मुलं आणि चार तरी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको दोघंही गाडी चालवतात. एक गाडी 350 सीसीची, एक 125 सीसीची. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. डिसेंबरात मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत जायचं आहे. रोज 200 किमी धरले तर तीन दिवसांत होईल का, आणि गाड्यांची तयारी काय करावी?

तीन दिवस डोक्यातून काढून टाका. दहा दिवस धरा, आणि त्यातले दोन दिवस गाडीला हात न लावण्याचे.

अंतर फार नाही. मांडव्यापासून रेडीपर्यंत वळणंवळसे धरून पाचशे किमीच्या थोडं पुढे जाईल. पण सागरी मार्गावर मुलं मागे असताना ताशी 25 ते 30 किमीची सरासरी पडते, त्याहून जास्त नाही. रस्ता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो, खाडीत उतरतो, वाडीतून अंग चोरून जातो, पुन्हा सड्यावर चढतो. त्यात चार ठिकाणी तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीवर गाडी चढवायची: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सहा वर्षांचं मूल दिवसाला चार तास सीटवर बसू शकतं, तेही सलग नाही. म्हणजे दिवसाला 60 ते 100 किमी. एखाद्या दिवशी जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

टप्पे असे बसतात. पहिल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याची तर, दिवेआगर, शेखाडीच्या किनारी रस्त्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याची तर, केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, आणि मुक्काम कर्द्याला किंवा दापोलीत. चौथ्या दिवशी दाभोळची तर आणि गुहागर. पाचवा दिवस गुहागरलाच बसून काढा. सहाव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळची तर, गणपतीपुळे, आरे-वारेवरून रत्नागिरी. सातव्या दिवशी भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, पडेल, देवगड. हा सगळ्यात लांब दिवस, सकाळी सातला निघा. आठव्या दिवशी कुणकेश्वर, आचरा, मालवण. नववा मालवणात. दहाव्या दिवशी परुळे, म्हापण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. नकाशात तारकर्लीवरून देवबाग जवळ दिसतं म्हणून तिकडून वेंगुर्ल्याला जाता येईल असं समजू नका. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे देवबागची चिंचोळी पट्टी. पुढे रस्ताच नाही.

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे उत्तम. नाताळ ते एक जानेवारी मात्र टाळाच. त्या आठवड्यात दिघी, बागमांडला आणि दाभोळला मोटारींची रांग जेट्टीच्या बाहेर रस्त्यावर येते. दुचाकीला फटीतून पुढे जाता येतं हे खरं, पण रस्त्यावर जो गोंधळ असतो तो मुलांना घेऊन सोसायचा नसतो.

या प्रवासाचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, ते भरती-ओहोटीच्या हातात आहे. हे आधी समजून घेतलं की निम्मा त्रास वाचतो. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात. त्यानंतर सहा तासांच्या थोडं पुढे पूर्ण ओहोटी. आता हा हिशोब तरीला लावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरती दुपारी-मध्यरात्री, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि तीही खोल. सकाळच्या पहिल्या तरीला जाल तर जेट्टीचा जो खालचा भाग एरवी पाण्याखाली असतो, त्यावरूनच गाडी उतरवावी लागेल. तिथे हिरवं शेवाळ असतं आणि उतारही लांबतो. त्या दोन-तीन दिवसांत सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानची तर घ्या. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी, तेव्हा कुठलीही तर चालते. निघण्याची तारीख ठरवताना कॅलेंडरमधली तिथी बघा, एवढंच सांगणं आहे.

तरीवर चढताना मूल आधी उतरवायचं. दोघांपैकी एकजण मुलांना घेऊन चालत वर जाईल, दुसरा एकेक करून दोन्ही गाड्या चढवेल. बोटीचा लोखंडी उतरता फाळका आणि आतला पत्रा ओला असतो, वर डिझेलचा तवंगही असतो. पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, सरळ रेषेत चढवा. फाळक्यावर पुढचा ब्रेक दाबलात तर चाक घसरून गाडी आडवी होईल. आत गेल्यावर इंजिन बंद, पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर. मेन स्टँडवर लावू नका, बोट डुलली की गाडी स्टँडवरून पुढे सरकते. हँडल लॉक केलं तरी चालेल, पण गाडीपासून लांब जाऊ नका, सीटवर हात ठेवून उभे राहा. उतरताना मोटारींच्या आधी दुचाकी सोडतात, तेव्हा मुलांना शेवटी उतरवा आणि वर सपाटीवर भेटा.

तर चुकली किंवा बंद निघाली तर काय, हे आधीच माहीत हवं. आगरदांड्याची चुकली तर मागे येऊन रोहा, तळा, म्हसळामार्गे खाडीला वळसा. बागमांडल्याची चुकली तर आंबेत-म्हाप्रळ पूल आणि मंडणगड. दाभोळची चुकली तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभरावर किमीचा फेरा, म्हणजे तो दिवस तिथेच संपला. तवसाळची चुकली तर राई-भातगाव पुलावरून. शेवटच्या तरीच्या भरवशावर कधीही राहू नका. आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी विचारा, त्यांना जेट्टीवरच्या माणसाचा नंबर माहीत असतो.

आता मुलांबद्दल. दोन गाड्या घेताय हे योग्य केलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे चालवणाऱ्याच्या मागे एकच जण बसू शकतो, त्यात मूल मोजलं जातं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं. चार वर्षांखालच्या मुलासाठी हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी 40 किमीची मर्यादा हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून आहे. तुमचा मुलगा सहाचा, त्याला हार्नेसची सक्ती नाही. तरीही वापरा. कारण पडणं नव्हे, झोप. जेवणानंतर अर्ध्या तासात मूल मागे डुलकी घेतं आणि एका बाजूला कलंडतं. चालवणाऱ्याला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. हार्नेसचा पट्टा चालवणाऱ्याच्या छातीला आणि मुलाच्या खांद्यांना, सैल नको, पण एका झटक्यात सोडता येईल असा. डोकं पाठीवर टेकायला लागलं की थांबायचं, पुढच्या गावापर्यंत ढकलायचं नाही.

सहा वर्षांच्या मुलाला टाकीवर पुढे बसवण्याची आपल्याकडे सवय आहे. करू नका. हँडल पूर्ण वळत नाही, आणि आपटलं तर मूल हँडल आणि तुम्ही यांच्यामध्ये चेपतं. मागे बसवायचं, पण पाय फूटरेस्टला टेकले पाहिजेत. लोंबकळणारा पाय मागच्या चाकात जाणं ही लहान मुलांची नेहमीची इजा आहे. पाय पोचत नसतील तर क्लॅम्पने बसणारे वरचे फूटरेस्ट मिळतात, आणि दोन्ही बाजूंना चाक झाकणारी जाळी बसवून घ्या. फक्त साडी गार्डवर भागवू नका, तो एकाच बाजूला असतो. बूट नाडीचे नकोत, चिकटपट्टीचे घ्या. मुलीची ओढणी, लोंबणारा स्कार्फ, दप्तराचे पट्टे, सगळं आत खोचलेलं.

हेल्मेट मोठ्यांचं लहान माप चालत नाही. भुवयांच्या वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं आयएसआय शिक्क्याचं घ्या. घालून पट्टा लावल्यावर मागून पुढे ओढून बघा. डोळ्यांवर आलं किंवा निघालं तर माप मोठं आहे. निघण्याच्या आधी पंधरा दिवस घरच्या आसपास रोज घालायला लावा. नाहीतर पहिल्याच दिवशी रेवदंड्यापर्यंत मान दुखायला लागेल आणि पुढचे नऊ दिवस भांडणात जातील.

कोणी कोणाला घ्यायचं? मुलगी 350 वर, मुलगा 125 वर. सामान जास्तीत जास्त 350 वर. आणि पुढे चालेल 125. मोठी गाडी पुढे ठेवली की ती नकळत वेग धरते आणि मागची धापा टाकत राहते. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागची आरशात दिसल्याशिवाय वळायचं नाही. खाडीच्या खोबणीत फोनला रेंज नसते, त्यामुळे ‘फोन करतो’ यावर काही ठेवू नका. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि रोख पैसे ठेवा, कारण रेंज नसली की क्यूआर कोड नुसता भिंतीवरचं चित्र.

नकाशाबद्दल आणखी एक. दुचाकीचा पर्याय निवडला की तो कधी कधी पाखाडीवर नेऊन उभं करतो, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची पायवाट. किंवा व्हाळावरच्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर. रस्ता हाताच्या रुंदीएवढा होऊन दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं आली की तिथेच थांबून विचारा, भरल्या गाडीने मागे फिरायला जागा मिळत नाही.

गाड्यांची तयारी निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. दोन-तीन आठवडे आधी सर्व्हिसिंग करा आणि मग दोनशे-तीनशे किमी चालवून बघा. सर्व्हिसिंगमध्ये राहिलेली चूक, सैल नट किंवा चुकीचा बसलेला ब्रेक शू, तेव्हाच कळते.

चेन सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथेच सगळ्यात जास्त चूक होते. माणसं लांब जायचं म्हणून चेन ताठ करून घेतात. मागे माणूस आणि सामान बसलं की स्विंगआर्म वर येतो आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असलेली चेन मग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि चाकाच्या बेअरिंगवर ओढ देते, आणि प्रवासात कुठेतरी बेअरिंग कुरकुरायला लागतं. बहुतेक गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध 25 ते 30 मिमी झोल असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. तो झोल ठेवून, मग सगळं सामान आणि माणसं बसवून पुन्हा बघा, थोडा तरी हलला पाहिजे. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तेल लवकर सुकतं. एरवी पाचशे किमीला लावत असाल तर इथे दर दोन दिवसांनी, संध्याकाळी गाडी गरम असताना, आतल्या बाजूने लावा. रात्रभर मुरतं. सकाळी लावलं तर निम्मं मागच्या चाकावर उडतं.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, मागे माणूस आणि सामान यासाठी स्टिकरवर जो आकडा दिला आहे तेवढी. हवा कमी ठेवली तर खड्ड्यात रिमवर टायर चेपून ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चरवाला खिळा शोधत बसतो आणि खिळा असतच नाही. अशा ट्यूबला ठिगळ फार टिकत नाही, नवीच टाका. 350 ला तारांची चाकं असतील तर ट्यूब टायर, तेव्हा पुढची-मागची एकेक ट्यूब जवळ हवीच. वाडीतल्या दुकानात टायर उतरवायचे पाने असतात, पण 19 इंची ट्यूब असेलच असं नाही. 125 ट्यूबलेस असेल तर पट्ट्यांचं पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप.

मागचे शॉकअप घरी असतात तसेच ठेवून लोक निघतात. सी पान्याने दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या ताणाचा टप्पा सारखा वाढवा. वाढवला नाही तर गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं, वळणावर हँडल तरंगतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो. सामानाचंही तेच. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या बॅगांत, खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे. मागच्या कॅरिअरवर पेटी बांधून तिच्यात अवजारं भरली की तोच झोका सुरू होतो. सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर काशीदच्या आधीच जळका वास येईल.

125 वर खरी परीक्षा चढावर नाही, उतारावर आहे. सड्यावरून खाडीकडे उतरताना माणसं न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून सोडतात. मग सगळं वजन ब्रेकवर. मागचा ड्रम गरम झाला की शू चकाकी धरतात आणि ब्रेक दगडासारखा लागतो पण गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, साधारण दुसऱ्यात. चढावर अर्धा क्लच धरून ठेवू नका. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि करपल्याचा वास येतो, तर क्लच प्लेट घसरतायत. तिथेच वीस मिनिटं थांबा, केबलला मोकळेपणा आहे का बघा, आणि सामान दुसऱ्या गाडीवर टाका.

बरोबर काय ठेवायचं: क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल, गाडीच्या मापाचे फ्यूज, हेडलाइट आणि ब्रेक लाइटचे बल्ब, एक स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, मागच्या एक्सलच्या मापाचा पाना, पक्कड, चेनचं लॉक, इन्सुलेशन टेप, तार, चेनचं तेल, कापडाच्या चिंध्या. एक युक्ती फार उपयोगी पडते: नवी क्लच केबल जुन्या केबलला लागून आधीच ओढून टाय-क्लिपने बांधून ठेवायची. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. बॅटरीच्या टर्मिनलना व्हॅसलीन फासा, खाऱ्या हवेत हिरवी बुरशी धरते आणि एके दिवशी सेल्फ लागत नाही.

पेट्रोलची भीती जरा वाढवून सांगितली जाते. माणसं-सामानाने भरलेली 350 लिटरला तीस किमीची सरासरी देते असं धरलं आणि टाकी 13 लिटरची, तर चारशे किमीच्या आसपास जाते, म्हणजे किनाऱ्याचा बराचसा भाग. तरी तालुक्याच्या गावात, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले, अर्धी टाकी झाली की भरून घ्या. मधल्या गावात बाटलीतलं घेऊ नका.

रस्त्यावर लक्ष कुठे ठेवायचं? चिरेखाणीच्या जवळच्या वळणांवर ट्रकमधून सांडलेली तांबडी खडी असते, ती गोट्यांसारखी फिरते. हर्णैसारख्या बंदराजवळ मासळीच्या गाड्यांमधून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर ठिबकतं. ते पाणी दिसतं साधं, पण साबणासारखं निसरडं, आणि वळणावर तर हमखास. सकाळी खाडीकाठी धुकं आणि दव. एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेऊन येते, तिचा हॉर्न ऐकू आला की डाव्या कडेला थांबा, हक्क सांगू नका. संध्याकाळी गुरं परततात, म्हणून पाचच्या आत मुक्कामी पोचा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालू नका. व्हिडिओत छान दिसतं. ओल्या वाळूवर भरली गाडी थांबली की मागचं चाक रुततं, जोर दिला की एक्सलपर्यंत जातं, आणि भरती वाट बघत नाही. आणि जे मीठ-वाळू बेअरिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये जातं ते घरी गेल्यावर खर्च काढतं. कुठे समुद्राच्या पाण्याचे शिंतोडे बसलेच तर मुक्कामी बादलीभर गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या मधे जोराचा फवारा न मारता, मग चेनला तेल.

मुक्कामाच्या घरी गाडी माडाखाली लावू नका. नारळ टाकी चेपवतो, झाप, म्हणजे झावळी, आरसा तोडतो. स्टँडखाली चिऱ्याचा तुकडा किंवा फळी ठेवा, अंगणाची माती रात्रीच्या दवाने नरम होते आणि सकाळी गाडी आडवी दिसते.

जेवण: सकाळी निघताना मुलांना हलकं, मऊ भात किंवा घावन. बांगड्याचं ताट आणि सोलकढी मुक्कामी पोचल्यावर. दर तासाला दहा मिनिटं थांबा, पाणी पाजा. रुग्णवाहिकेसाठी 108, बाकी सगळ्यासाठी 112. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतात, पण रेंजचं वर सांगितलंच आहे, तेव्हा झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

परतीला पुन्हा किनारा नको, मुलांचा दम संपलेला असतो. दोन पर्याय: सावंतवाडी, आंबोली घाट चढून कोल्हापूरकडे दोन दिवसांत सावकाश, किंवा गाड्या रेल्वेने. रेल्वेने पाठवायच्या तर पार्सल ऑफिस असलेल्या मोठ्या स्टेशनवर आदल्या दिवशी जाऊन चौकशी करा. रेल्वे जिथे दोनच मिनिटं थांबते त्या स्टेशनवर मोटारसायकल चढवता येत नाही. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, आणि आरसे काढून, टाकी व हेडलाइटला गोणपाट गुंडाळून द्यावं लागतं. आरसे बॅगेत ठेवा, गाडीला बांधून ठेवलेले मुंबईला पोचत नाहीत.